‘साष्टांग नमस्कार’च्या पुढची कोरी जागा

मंजूचा, माझ्या मित्राच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी तळघरातल्या डीह्युमिडिफायरची, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणाऱ्या यंत्राची, बादली रिकामी करायला निघालो होतो. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी या आमच्या गावी उन्हाळ्यात हे काम रोज करावं लागतं, आणि मी निवृत्त झाल्यापासून आमच्या घरातलं हे एकच खातं पूर्णपणे माझ्या अखत्यारीत आहे. एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हातात फोन. “सुहास, दिगू गेला रे,” मंजू म्हणाली. “सकाळी. चहा घेता घेता.” मी बादली पायरीवर इतक्या जपून ठेवली की थेंबही सांडला नाही. मग म्हणालो, “अगं, पण मी गुरुवारी येणार होतो ना!” जणू माझं तिकीट काढलेलं असताना त्याने असं परस्पर जायलाच नको होतं. मंजू फोनवर रडता रडता हसली. आमच्या मैत्रीतला माझा भाग हा साधारण असाच होता. नको तिथे नको ते बोलायचं, आणि दिगूच्या माणसांनी ते चालवून घ्यायचं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होऊन गेले. दिगू म्हणजे दिगंबर ठोंबरे. मूळचा यवतमाळचा, आणि गेली पस्तीस वर्षं मिशिगनमधल्या नोव्हायचा. मोटारीचं दार लावताना आवाज कसा यावा, यावर या माणसाने आयुष्याची बरीच वर्षं घालवली. तुम्ही गाडीतून उतरून दार लोटलं आणि ते भरीव, खात्रीचा ‘धप्’ आवाज करून लागलं, तर त्यात कुठेतरी दिगू असण्याची शक्यता आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहायचं ठरलं तेव्हा मी मंजूला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, “चांगलं चांगलं लिहू नकोस. खरं लिही. तो तेच म्हणाला असता.” खरं लिहायचं तर मला ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात माझी शोभा होणार आहे. असो. या वयात ती काही पहिली नाही.

तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी ठाण्याचा, दिगू यवतमाळचा आणि गणित शिकणारा मिलिंद बापट सांगलीचा. दिगू यांत्रिकीत पीएचडी करत होता. म्हणजे करणार होता. त्यासाठी जी पात्रता परीक्षा द्यावी लागते तिला दोनदाच बसता यायचं, आणि त्या वसंतात दिगू दुसऱ्यांदा नापास झाला. आता मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. त्याच्या वडिलांना नव्हतं. अण्णा यवतमाळच्या मोठ्या पोस्टात पोस्टमास्तर होते आणि मुलगा विमानात बसला त्या दिवसापासून त्यांनी त्याला डॉक्टर करून टाकलं होतं. पोस्टमन विचारायचे, “काय साहेब, डॉक्टरचं पत्र आलं का?” आणि अण्णा दिगूला येणाऱ्या पाकिटांवर ‘श्री.’च्या ऐवजी दोन वर्षं आधीपासूनच ‘डॉ.’ लिहीत होते. ते पाकीट आलं की दिगू आधी पत्ता लिहिलेली बाजू टेबलावर पालथी करायचा आणि मग उघडायचा.

नापास झाल्यावर आठवडाभर तो कोणाशी बोलला नाही. एका दुपारी मात्र आला आणि म्हणाला, “सुह्या, युरोपला जाऊ. पाठीवर पिशवी, रेल्वेचा पास, हॉस्टेलात झोपायचं. एकदा घरी सांगितलं की पुढं काही माझ्या हातात राहणार नाही बे.” मी हो म्हणालो, कारण मला नाही म्हणता येत नाही. आणि नाही म्हणता येत नसल्यामुळेच माझ्या घरीही हे सांगणं शक्य नव्हतं. आमच्या घरात प्रवास लग्नासाठी करत किंवा कोणी आजारी असलं तर. नुसतंच बघायला म्हणून महिनाभर जायचं म्हटल्यावर बाबांनी फक्त “का?” एवढं विचारलं असतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते आणि थोडा अभिमानही वाटतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही पुढच्या चार आठवड्यांची घरची पत्रं आगाऊ लिहून काढली. एअरमेलची निळी पत्रं, प्रत्येकाची चार, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक नंबर. मिलिंदने दर शनिवारी प्रत्येकाचं एकेक पेटीत टाकायचं. मी लिहिलं, ‘काल इथे बराच पाऊस झाला, त्यामुळे लायब्ररीतच बसून होतो.’ दिगूने वाकून वाचलं. “तीन आठवड्यांनंतरचा पाऊस काल पाडून राहिला बे तू!” स्वतःच्या पत्रात मात्र त्याने लिहिलं होतं, ‘परीक्षेचा अभ्यास जोरात चालू आहे.’ ते वाचून मी हसलो नाही. माझं खोटं हवामानाचं होतं. त्याचं तसं नव्हतं.

बॅकपॅकिंगला मी सूटकेस घेऊन गेलो. हे मी लपवून ठेवलं असतं, पण मंजूकडे फोटो आहेत. ठाण्याहून आणलेली, पांढऱ्या रंगाने नाव आणि पत्ता रंगवलेली, कुलूप तुटल्यामुळे पट्ट्याने आवळलेली सूटकेस. माझा मुद्दा असा होता की पाठीवरच्या पिशवीत शर्टांना चुण्या पडतात. आम्ही लक्झेंबर्गला उतरलो, तिथून जर्मनीत शिरलो आणि तिसऱ्या दिवशी ऱ्हाईन नदीकाठच्या एका गावात पोचलो, तेव्हा कळलं की तिथलं हॉस्टेल जुन्या किल्ल्यात आहे आणि किल्ला, किल्ल्यांच्या रीतीप्रमाणे, डोंगरावर आहे. अर्ध्या चढावर माझे दोन्ही हात गेले. शेवटी मी सूटकेस डोक्यावर घेतली. मागून आवाज आला, “ए हमाल! फलाट नंबर चार!” आजूबाजूने पंधरा-सोळा वर्षांची जर्मन पोरं-पोरी गाणी म्हणत, उड्या मारत वर चालल्या होत्या. आपल्या पूर्वजांनी किल्ले घेतले वगैरे जे मी शाळेत निबंधात लिहायचो, ते सगळं मी त्या चढावर मनातल्या मनात मागे घेतलं.

जर्मनीत हॉस्टेल चालवणाऱ्या गृहस्थांना ‘हॉस्टेलचे वडील’ म्हणायची पद्धत होती. आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थ्याने हे सांगितलं तेव्हा दिगूचा चेहरा पडला. “इथंही वडील आहेतच का यार?” ते वडील होतेही तसेच. आल्याबरोबर हॉस्टेलचं कार्ड जमा करून घ्यायचे आणि सकाळी नेमून दिलेलं काम केल्याशिवाय परत द्यायचे नाहीत. कोणी भांडी धुवायची, कोणी बटाटे सोलायचे. त्यांच्या गाद्या अंगाला लागू नयेत म्हणून झोपायला पिशवीसारखी शिवलेली चादर लागायची. दिगूने ती आईने पूजेसाठी दिलेल्या धोतराची स्वतः हाताने शिवली होती, आणि मापात गणित चुकल्यामुळे ती इतकी अरुंद झाली होती की एकदा आत गेला की त्याला सकाळी मीच बाहेर ओढून काढायचो. मला काम मिळालं जिने झाडायचं. मी जन्मात झाडू हातात धरला नव्हता. घरी आई होती, आणि स्टेट कॉलेजमध्ये दिगू होता. मी वरून खाली झाडत आलो. वडिलांनी पायरीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं, बघितलं, आणि मला पुन्हा वर पाठवलं. तीनदा. दिगू बटाटे सोलून मोकळा झाला होता. तो खालच्या पायरीवर बसून मान वर करून बघत होता. “तुझ्या आईला दाखवायला पाहिजे हे,” तो म्हणाला. “पण ती म्हणणार, लायब्ररीत जिने कोणी झाडायला लावले?”

आंघोळीच्या जागेला दारं नव्हती, हा दुसरा धक्का. मी चड्डी घालून आंघोळ करायचो आणि ओली चड्डी दिवसभर सूटकेसच्या पट्ट्याला वाळत टाकून गावभर फिरायचो. सकाळी दहाला हॉस्टेल बंद व्हायचं ते संध्याकाळी पाचला उघडायचं, त्यामुळे मधले सात तास आम्ही, सूटकेस आणि चड्डी असे सगळे कुठल्या ना कुठल्या चर्चच्या पायऱ्यांवर असायचो. पाव, चीज, टोमॅटो. दिगू पावाचा तुकडा मोडताना रोज म्हणायचा, “भाकर नाही, पण भाकरीच्या गावची आहे.” दिवसभर तो मजेत असायचा. नकाशे वाचायचा, म्हाताऱ्या बायकांना रस्ता विचारून त्यांनाच रस्ता सांगून यायचा. पण रोज प्रत्येक गावात तो एक पोस्टकार्ड घ्यायचा, बाजूला जाऊन बसायचा, आणि अर्ध्या तासाने परत यायचा तेव्हा गप्प असायचा. मला वाटलं, आहे एखादी. तसं असतं तर मला आवडलं असतं.

आठ-दहा दिवसांनी, हॉस्टेलच्या खोलीत नकाशा शोधताना त्याच्या पिशवीतून ती कार्डं माझ्या हातात आली. नऊ होती. किल्ला, नदी, घड्याळाचा मनोरा, चर्चची रंगीत काच. मागे प्रत्येकावर त्याच्या सुंदर वळणदार अक्षरात एकच ओळ, ‘तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.’ आणि पुढे कोरं. नऊच्या नऊ कोरी. तो दारात उभा होता, मला दिसला नाही.

“पुढचं लिहवत नाही यार,” तो म्हणाला.

“तीनच तर शब्द आहेत. मी नापास झालो.”

“कार्ड उघडं असते ना बे. अण्णांच्या हाती पडायच्या आधी पोस्टातले दहा जण वाचतील.”

“मग पाकिटात घाल.”

तो वरच्या पलंगाची शिडी धरून उभा राहिला. “पाकिटात घातलं तर... ते फोडताना अण्णा एकटेच असतील.”

 मी चहा कुठे मिळेल असं विचारलं. मला काही सुचलं नाही की मी चहाचं विचारतो.

बाराव्या दिवशी आम्ही स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला पोचलो. दिगू पोस्टमास्तरांचा मुलगा असल्यामुळे त्याला ठाऊक होतं की कुठल्याही गावच्या मुख्य पोस्टाच्या पत्त्यावर प्रवाशाच्या नावाने पत्र पाठवलं तर ते तिथे ठेवून घेतात. काही निरोप असला तर लुसर्नला लिही, असं त्याने मिलिंदला सांगून ठेवलं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही त्या पोस्टात शिरलो. उंच छत, चकचकीत फरशी आणि अशी शांतता की माझ्या सूटकेसच्या पट्ट्याचा आवाज ऐकू यावा. मिलिंदचं पत्र खरंच आलं होतं. आज हा माणूस एका विद्यापीठात संभाव्यताशास्त्र शिकवतो हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. त्याने लिहिलं होतं, ‘तुमची काळजी मिटली. दर शनिवारी माझ्या लक्षात राहील न राहील, म्हणून तुम्ही गेलात त्याच दुपारी आठही पत्रं एकदम टाकून दिली. पोचण्याशी मतलब.’

मी तिथल्या बाकावर बसून पोट धरून हसलो. आमच्याकडे चार पत्रं एकदम पोचली असती तर आई म्हणाली असती, पोस्टाचा कारभार, आणि ती ओळीने वाचून काढली असती. (तसंच झालं, हे मला नंतर कळलं.) दिगू हसत नव्हता. त्याचा रंग उडाला होता. “अण्णा आधी पत्र वाचत नाहीत बे,” तो म्हणाला. “आधी शिक्का वाचतात. तारीख. तीस वर्षांची सवय आहे ती.” मग बोटांवर मोजून म्हणाला, “बारा दिवस लागतात यवतमाळला. आज पोचली असतील. नाही तर काल.”

मी लगेच कामाला लागलो. कारणं शोधण्यात माझा हातखंडा आहे. मी त्याला पाच मिनिटांत तीन कारणं काढून दिली. शिक्का मारायचं यंत्र बिघडलं होतं. तू आजारी पडणार असं वाटलं म्हणून आधीच लिहून ठेवलीस. मिलिंदला वेडाचे झटके येतात. दिगूने तिन्ही शांतपणे ऐकून घेतली. मग उठला. “नाही यार. अजून एक खोटं ठेवायला आता डोक्यात जागा नाही,” असं म्हणून तो सरळ फोनच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला भारतातला एकच नंबर पाठ होता. यवतमाळच्या पोस्टाचा.

फोन लागायला बराच वेळ गेला. शेवटी खिडकीमागच्या बाईंनी तीन नंबरच्या केबिनकडे बोट दाखवलं. दिगू धावत आत घुसला, पण पाठीवरची पिशवी काढायचं विसरला, आणि पिशवीमुळे केबिनचं दार लागेना. ते उघडंच राहिलं. पुढचं सगळं त्या दालनातल्या प्रत्येकाने ऐकलं. अण्णांच्या बाजूचं बोलणं मला तेव्हा तुटक ऐकू आलं, पण नंतर दिगूने ते इतक्या दिवाणखान्यांत इतक्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ आहे.

“हॅलो! यवतमाळ? मी दिगू! ठोंबरे साहेबांचा दिगू!”

पलीकडे कोणीतरी ओरडलं, “साहेब, डॉक्टरचा फोन!”

“अण्णा! अण्णा, मी नापास झालो!”

“आवाज येऊन नाही राहिला! काय झालो म्हणतोस?”

“नापास! पीएचडीच्या परीक्षेत! नापास! दोनदा!”

तिकडे थोडी खरखर झाली. “ऐकलं,” अण्णा ओरडले. “इथं सगळ्यांनीच ऐकलं. तुझी पत्रं आली. चारही. एका दिवसाची.”

“ती खोटी आहेत, अण्णा! आधीच लिहून ठेवली होती! मी अमेरिकेत नाही, मी स्वित्झर्लंडला आहे! फिरून राहिलो!”

खिडकीमागच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. मला दिगूचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती फक्त पिशवी, आणि ती हलत होती.

“तब्येत बरी आहे ना?” अण्णा म्हणाले.

“हो.”

“जेवतोस?”

“हो. बटाटे.”

“परीक्षा झाली ती झाली. फिरणं किती राहिलं?”

“दोन आठवडे.”

“मग ते पूर्ण करून ये. हे तरी अर्धं सोडू नको. आणि रोज एक कार्ड टाकत जा. पाहिलं तेवढंच लिही. जास्तीचं नको.”

“अण्णा, सगळे वाचतील...”

“वाचू दे ना! मीही वाचून दाखवीन!”

दिगूने बाहेर वळून रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “आता तू. ठाण्याला लाव.” मी म्हणालो, आमच्याकडे फोन नाही. हे खरं होतं. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे होता आणि त्यांचा नंबर मला पाठ होता, हेही खरं होतं, पण ते मी बोललो नाही. तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. पुढच्या सगळ्या वर्षांत त्याने माझ्यापुढे तो विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

केबिनमधून बाहेर आला तेव्हा तो घामाने भिजला होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की रांगेतले सगळे त्याच्याकडेच बघत होते. दिगूने त्यांना हात जोडले आणि भर पोस्टात खणखणीत आवाजात जाहीर केलं, “आय हॅव फेल्ड!” एका टोपीवाल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि चांगला गदागदा हलवला. त्यांना काय समजलं कोण जाणे. पण अभिनंदन करायची वेळ आहे हे त्यांना बरोबर समजलं होतं.

त्या दुपारी आम्ही तळ्यामागच्या डोंगरावर चढलो. सूटकेस हॉस्टेलच्या माळ्यावर टाकली होती, म्हणून मीही चढलो. वर गाई होत्या, घंटा वाजत होत्या, आणि दिगू गवतात पालथा पडून पहिलं पूर्ण कार्ड लिहीत होता. मी वाकून वाचलं. ‘इथल्या गाई आपल्याकडच्यांपेक्षा जाड आहेत. सुहासने मागच्या आठवड्यात तीनदा जिने झाडले, पण नीट झाडले नाहीत.’ पुढचे दोन आठवडे आम्ही इटली आणि ऑस्ट्रिया असे भटकलो, जणू कोणी पाठीवरचा धोंडा उतरवून ठेवला होता. फ्लॉरेन्सहून त्याने लिहिलं, ‘ऊन आहे. लोक रस्त्यात भांडतात. घरच्यासारखं वाटतं.’ एका डोंगरातल्या हॉस्टेलात तर त्याने तिथल्या वडिलांना बटाट्याची भाजी शिकवली आणि स्वतःहून दुसऱ्या दिवशीही बटाटे सोलले. परत आलो तेव्हा अण्णांचं पत्र वाट बघत होतं. पाकिटावर पहिल्यांदाच ‘श्री. दिगंबर ठोंबरे’ लिहिलेलं होतं, आणि दिगूने ते पालथं केलं नाही. कार्डं अण्णांनी काउंटरच्या काचेखाली ओळीने लावली होती. तिकिटं घ्यायला येणारे लोक वाचायचे, आणि एक दिवस कार्ड आलं नाही तर विचारायचे, “साहेब, आज पोरगा कुठं पोचला?” अण्णा नव्या माणसाला कार्डं दाखवताना म्हणायचे, “माझा मुलगा. परीक्षेत नापास झाला आणि युरोप पाहून आला.” पहिलं वाक्य त्यांनी कधी गाळलं नाही.

दिगू मास्टर्स घेऊन मिशिगनला गेला, नोकरीला लागला, मंजूशी लग्न केलं, मुलगी झाली. नोव्हायमधल्या मराठी घरांत हळूहळू एक रीत पडली. कुणाचं पोर परीक्षेत आपटलं, कुणी कॉलेज सोडलं, कुणाची नोकरी गेली आणि घरी सांगायचं धैर्य होत नसलं, की ते दिगूकाकांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचं. दिगू उपदेश करायचा नाही. पोहे करायचा. मग विचारायचा, “घरी सांगितलं का?” आणि भिंतीवरचा फोन काढून हातात द्यायचा. “मोठ्याने बोल,” एवढंच सांगायचा. “हळू बोललं की परत सांगावं लागते.” आणि मग तिथेच, बाजूच्या खुर्चीवर, भाजी चिरत बसून राहायचा.

त्याच्या शोकसभेला मी नोव्हायला गेलो तेव्हा कल्पना नव्हती इतके लोक आले होते. भाषणं झाली, त्याच्या कंपनीतले लोक बोलले. मग मागच्या रांगेतली एक चाळिशीची बाई उठली. मुलांची डॉक्टर आहे ती. म्हणाली, “आय वॉज ट्वेंटी. आय हॅड फेल्ड केमिस्ट्री अँड आय वॉन्टेड टू डिसअपीअर. दिगूकाका हॅन्डेड मी द फोन.” तिचे वडील शेजारीच बसले होते. ते उठले आणि म्हणाले, “आणि पलीकडे मी होतो.” तेवढंच बोलून बसले. मग एक दाढीवाला उठला. मग एक शाळेची मुख्याध्यापिका. “मीही.” “मी टू.” शोकसभेत असं कधी होत नाही, पण कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मंजूसुद्धा वाजवत होती. आपल्या नापास होण्याची गोष्ट ताठ मानेने सांगणाऱ्या माणसांनी तो हॉल भरून गेला होता, आणि मी तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून, पायांकडे बघत बसलो होतो. कारण त्या हॉलमध्ये दिगूने ज्याच्या हातात सगळ्यात आधी फोन दिला होता तो मी होतो, आणि फोन न घेतलेला एकटाही मीच.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी आईला फोन लावला. ती आता एक्क्याण्णव वर्षांची आहे, ठाण्यात धाकट्या भावाकडे असते. ऐकू कमी येतं. मी म्हणालो, “आई, दिगू आणि मी एका उन्हाळ्यात युरोपात होतो. महिनाभर. तुला ती पत्रं लिहिली ती खोटी होती.”

“काय होती?”

“खोटी!” मी ओरडलो. वरून माझी बायको धावत खाली आली. “मी लायब्ररीत नव्हतो! मी युरोपात होतो! फिरत!”

 मी बासष्ट वर्षांचा माणूस तळघरात उभा राहून घाम पुसत होतो. मग ती म्हणाली, “बाबांना ऐकायला आवडलं असतं रे.” यावर मला चहाचंसुद्धा विचारता आलं नाही. तिनेच मला सोडवलं. म्हणाली, “बरं, मला तरी सांग. पहिल्यापासून सांग. घाई करू नकोस, मला कुठे जायचंय.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, म्हणजे तिच्या रात्रीच्या जेवणाआधी, मी तिला एक गाव सांगतो. तिला सगळं लागतं. गाद्या कशा होत्या, पाव कसला होता, जिना दगडी का लाकडी. दिगू गेला हे तिला माहीत आहे, मीच सांगितलं. पण गोष्टीतल्या दिगूबद्दल ती आजचं असल्यासारखं बोलते. त्याने डोक्याला काही बांधत जावं, उन्हात कशाला फिरतात मुलं, असं म्हणते. लुसर्न अजून दोन रविवार लांब आहे आणि मला मुळीच घाई नाही. मागच्या वेळी मी तिला त्या नऊ कार्डांपर्यंत आणून सोडलं. तिने विचारलं, “म्हणजे त्याने अजून वडिलांना सांगितलं नाही?”

“नाही. अजून नाही.”

 मागे भावाच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी तिला जेवायला हाक मारली.

“सांगेल,” आई म्हणाली. “तू बघच. तो सांगणाऱ्यातला आहे.”